बसचं घर करण्याआधी ठरवा: मुक्काम कुठे, आणि किती रात्री?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोघंही साठीच्या उंबरठ्यावर आहात. पुण्यातलं घर भाड्याने द्यायचं, लिलावातली १२ मीटरची जुनी बस घेऊन तिचं घर करायचं आणि दोन-तीन वर्षं देशभर फिरायचं. बस केवढी घ्यावी, एसी चालेल का, संडासाचं काय, आणि रात्री असं राहणं सुरक्षित आहे का, हे तुम्हाला हवंय. आम्ही नवरा-बायको बरीच वर्षं अशाच गाडीत राहतोय. गाडी मीही चालवते, आणि तिच्या टाक्या, तारा, पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) सगळं आमच्या हाताखालून गेलेलं आहे. तेव्हा जे सांगते ते वापरातलं आहे.

बहुतेक लोक बस निवडताना प्रवास डोळ्यांपुढे ठेवतात. पण असं राहायला लागलं की गाडी आठवड्यातून एखाद-दोन दिवस, तीही तीन-चार तास चालते. बाकी सगळा वेळ ती उभी असते. म्हणून लांबी, पाणी, वीज, संडास, सुरक्षितता या सगळ्यांची उत्तरं एकाच प्रश्नातून निघतात: ही गाडी कुठे उभी राहणार, आणि एका जागी किती रात्री? तुम्ही हे दोघांनी बसून लिहून काढा. लोखंड त्यानंतर घ्या.

आमचं उत्तर तीन ते दहा रात्री असं आहे, आणि जागा म्हणजे देवस्थानाच्या भक्तनिवासाचं आवार, ओळखीच्यांची वाडी, शेतकऱ्याचं खळं, एखाद्या छोट्या रिसॉर्टचं मागचं अंगण. या जागांना जाणारा रस्ता १२ मीटरच्या बसचा नसतो. वळण मिळत नाही, कमान आडवी येते, विजेच्या आणि केबलच्या तारा खाली लोंबतात, गणपतीत आणि नवरात्रात अर्ध्या रस्त्यावर मांडव असतो. रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यांवर उंचीचा आडवा खांब असतो. छपरावर पॅनेल आणि पंखा बसवल्यावर तुमच्या गाडीची उंची किती झाली ते मोजून चालकासमोर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावं लागतं. आणि आत गेलेली गाडी मागे घ्यावी लागली तर एसटीला वाहक असतो, शिट्टी वाजवून सांगतो. तुम्हाला तेच काम एकमेकांसाठी करावं लागेल, तेही अंधारात, मागून येणाऱ्या दुचाकी सांभाळत.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: ७ मीटरच्या आसपासची मिनीबस घ्या. दोन माणसांना कायमचा पलंग, ओटा, छोटी मोरी-संडास आणि समोरासमोर दोन आसनं एवढं त्यात बसतं. ९ मीटरपर्यंत ताणता येईल, पण १२ मीटर दोघांसाठी नको. मोठ्या बसला आणखी एक अडचण असते ती मागच्या चाकांच्या मागे लांबणाऱ्या भागाची, ओव्हरहँगची. कोकणात दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी अशा फेरीबोटी आहेत, आणि त्या पकडल्या की खाडीला वळसा घालायचे कित्येक किलोमीटर वाचतात. ओहोटीला बोटीचा रॅम्प आणि धक्का यांच्यात कोन तयार होतो आणि लांब शेपटाची गाडी तिथे घासते. तुमची सांडपाण्याची टाकी नेमकी तिथेच खाली लटकत असेल तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. भरतीची वेळ विचारून जा.

परवान्याचं गणितही इथेच येतं. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. १२ मीटरच्या बसचं एकूण वजन १६ टनांच्या पुढे जातं. तिला जड वाहनाचा परवाना लागतो, आणि साठीनंतर तो नव्याने काढून घाटात ती बस चालवायला शिकणं हे दोघांपैकी एकालाही सोपं नाही. दोघांनाही गाडी चालवता आलीच पाहिजे, ही अट मी कुणालाही घालते. चालवणाऱ्याची पाठ धरली, ताप आला, डोळ्याचं ऑपरेशन झालं, तर घर जिथे असेल तिथेच अडकतं.

आता लिलावातल्या बसबद्दल. लालपरीचं घर करायची कल्पना मलाही मनापासून आवडते. पण १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या १५ वर्षं झालेल्या गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. त्या अधिकृत भंगार केंद्रात मोडीत जायच्या असतात. म्हणजे स्वस्तात दिसणारी बस कदाचित कागदावर जिवंतच नसेल. शाळेच्या किंवा कंपनीच्या बस विकायला निघतात त्या बघा, पण चालू नोंदणी, फिटनेस आणि कराच्या पावत्या हातात आल्याशिवाय विसार देऊ नका. आणि बीएस-४ या प्रदूषण-मानकाच्या आधीची गाडी घेऊ नका. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये निर्बंध घातले, तेव्हापासून नियम आणि न्यायालयाचे आदेश पुन्हा पुन्हा बदलत आले आहेत. हिमाचल-उत्तराखंडला जाताना तुम्ही त्याच बाजूने जाणार.

कागद म्हटल्यावर मी जरा कडक बोलते, कारण इथे लोक हमखास 'बघू नंतर' म्हणतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांत मनाने बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. दंड परवडेल, पण विम्याचं काय? आसनं काढून आत ओटा, बॅटरी आणि पलंग बसवलेली, पण आरसीवर अजून 'बस' असलेली गाडी पेटली तर दावा नाकारायला विमा कंपनीला दुसरं कारण शोधावं लागत नाही.

मोटार कॅराव्हॅनसाठी, म्हणजे राहायच्या गाडीसाठी, आपल्याकडे एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. सगळ्यात निर्धोक मार्ग म्हणजे या मानकाखाली मान्यता घेतलेल्या बांधणीदाराकडून नव्या चेसिसवर बॉडी बांधून घेणं. मंजुरीचं प्रमाणपत्र कुठल्या चाचणी संस्थेचं आहे ते बघा. एआरएआय तर तुमच्या पुण्यातच आहे. जुनीच गाडी बदलायची असेल तर आतला आराखडा कागदावर काढून आधी आरटीओकडे जा. बॉडीचा प्रकार, आसनसंख्या आणि वर्ग बदलायची लेखी परवानगी मिळाली की मगच सुताराला बोलवा. फास्टॅगचा वर्गही नव्या आरसीशी जुळवून घ्या. फास्टॅगचा वार्षिक पास खासगी कार-जीप-व्हॅनला आहे. मिनीबसच्या आरसीवर तो मिळेल असं धरून टोलचा हिशोब करू नका.

बांधणीत सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे वजन. रिकामी गाडी घेतली की पहिलं काम: वजनकाट्यावर न्या. साखर कारखान्यांच्या रस्त्यावर, मार्केट यार्डाजवळ काटे असतात. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. तिन्ही पावत्या जपून ठेवा. मग फर्निचर होत असताना एकदा आणि सामान-पाणी भरल्यावर एकदा असं पुन्हा करा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे ३०० लिटरच्या टाकीत चार-पाच माणसांचं वजन आलं. प्लायवुड भयंकर जड असतं. ओटा आणि कपाटं अॅल्युमिनियमच्या चौकटीवर पातळ पत्र्यांची किंवा हनीकोंब पॅनेलची करा, ग्रॅनाइट मनातही आणू नका. पाण्याची टाकी दोन चाकांच्या मध्ये, खाली. ओटा, फ्रिज आणि बॅटरी एकाच बाजूला आल्या की गाडी कायम झुकून चालते आणि त्या बाजूचे पाटे बसतात.

टायरवर चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. उभ्या राहणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, पण म्हातारे होतात. नक्षी छान दिसते म्हणून सहा-सात वर्षांचे टायर घालून समृद्धीसारख्या काँक्रीटच्या तापलेल्या रस्त्यावर तासाला ऐंशीने जाऊ नका. हवा थंड टायरमध्ये, स्वतःच्या गेजने, प्रत्येक निघण्याच्या सकाळी. घाट उतरताना चढायला जो गिअर लागला असता तोच ठेवायचा. भरल्या वजनाची गाडी नुसत्या ब्रेकवर आंबोली किंवा कुंभार्ली उतरवली तर ब्रेकचे लायनर तापून ब्रेक हातचा जातो. हे तुमच्या यजमानांना माहीत असेलच, पण कारच्या सवयीने माणूस न्यूट्रल करतो, म्हणून लिहिलं.

एसीच्या प्रश्नावर थोडं थांबते, कारण हाच प्रश्न बहुतेकांचं बजेट खातो. पत्र्याचं छप्पर उन्हात तव्यासारखं तापतं आणि रात्री नऊपर्यंत आत उष्णता सोडत राहतं. एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रभर चालवायला साधारण पाच युनिट लागतात. ७ मीटरच्या छपरावर ५४० वॅटची तीन पॅनेलं बसतात, म्हणजे दीड किलोवॅटच्या थोडं वर. सपाट बसवलेली, धूळ खाणारी पॅनेलं चांगल्या उन्हात दिवसाला पाच-सहा युनिट देतात. त्यातले दोन-अडीच पंखे, दिवे, फ्रिज, पंप आणि फोन-लॅपटॉपला जातात, इंडक्शनवर स्वयंपाक केला तर आणखी दीड. मग एसीला उरलं काय? आणि जुलैत कोकणात असाल तर पॅनेलं दोन युनिटही देणार नाहीत. शिवाय गाडी झाडाखाली लावली तर आत गार वाटतं पण बॅटरी उपाशी राहते, उन्हात लावली तर उलट. हा पेच रोजचा आहे.

आम्ही तो असा सोडवतो. पॅनेलं छपराला चिकटवलेली नाहीत. खाली दहा सेंटिमीटरची फट आहे. त्यामुळे छपराला कायमची सावली मिळते आणि फटीतून वारा फिरतो. उरलेल्या छपराला पांढरा परावर्तक रंग. पत्र्याच्या आतून बंद पेशींच्या फोमचा जाड थर, सांधे चिकटपट्टीने बंद. नुसती ग्लासवूल घातली तर ती ओल धरते आणि पावसाळ्यात पत्रा आतून गंजतो. बसच्या निम्म्या खिडक्या पॅनेलने कायमच्या बंद केल्या, कारण काच म्हणजे उन्हाला उघडं दार. छपरात हवा बाहेर फेकणारा एक पंखा, जमिनीजवळ जाळी लावलेली एक झडप, आणि पलंगावर कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा. एवढं केलं की मार्चच्या अखेरीपर्यंत पठारावरही एसीविना झोप लागते. एसी बसवाच, वीज मिळेल तिथे उपयोगी पडतो, पण त्याच्या भरवशावर मे महिन्यात विदर्भात मुक्काम आखू नका.

खरा एसी म्हणजे नकाशा. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. एप्रिल-मे आम्ही उंचीवर काढतो: पाचगणीचं पठार, मडिकेरी, कधी निलगिरी. उटी आणि कोडाईकॅनॉलला मे २०२४ पासून ई-पास लागतो, आधी काढून ठेवा. पावसाळ्यात कोकण आणि घाटमाथा कितीही बोलावत असला तरी गाडीचं घर तिथे नको. गादीला बुरशी, दाराला फुगवटा, वीज नाही, आणि वरंधासारखा घाट जड गाड्यांना बंद. जून ते सप्टेंबर पर्जन्यछायेत राहा. माण-खटाव, सांगोला, पुढे विजापूर, बदामी, हंपी. आभाळ भरलेलं, वारा भरपूर, पाऊस बेताचा आणि माळ हिरवे. आम्हाला वर्षातले सगळ्यात आवडते दिवस हेच वाटतात. दिवाळीनंतर कोकण, गोवा, केरळ. हिमालयात जायचं तर सप्टेंबरमध्ये, आणि जिथे सरकारी बस जाते तेवढ्याच रस्त्यावर. तिकडे दोन गोष्टी लक्षात ठेवा. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, म्हणून ती राहत्या भागात, पलंगाखाली ठेवा. आणि आपल्या सिलिंडरमधल्या गॅसमध्ये ब्युटेन असतो. तो शून्याच्या आसपास वायू व्हायला तयार नसतो, त्यामुळे लेहच्या थंडीत शेगडी मंद पडते.

गॅसवरून आठवलं. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर गाडीत नको. ५ किलोचा छोटा सिलिंडर बऱ्याच पेट्रोल पंपांवर पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो. तो बाहेरून उघडणाऱ्या, तळाशी भोकं असलेल्या स्वतंत्र कप्प्यात ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, आणि भोकांतून बाहेर जायला त्याला वाट हवी. आम्ही रोजचं सगळं इंडक्शनवर करतो, भाकरी मात्र गॅसवर. गोव्यात पर्यटनस्थळांवर उघड्यावर चूल मांडायला २०१९ पासून बंदी आहे आणि दंड होतो, तेव्हा तिकडे आतच शिजवा.

आता संडास. परदेशात गाडीच्या टाक्या रिकाम्या करायला ठिकठिकाणी जागा असतात. आपल्याकडे त्या नाहीतच म्हणा. केरळ आणि महाराष्ट्र दोघांनीही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळात वागमणला अशा गाड्यांचं पार्कही झालं, पण देश फिरताना त्यावर विसंबता येत नाही. म्हणून गाडीखाली मैल्याची मोठी टाकी बसवू नका. ती उपसायला सेप्टिक टँकवाल्यांचा टँकर शोधावा लागतो, आणि तो शहरात मिळतो, तुम्ही जिथे असाल तिथे मिळत नाही. दोन पर्याय व्यवहार्य आहेत. एक, अठरा-वीस लिटरच्या सरकत्या पेटीचा कॅसेट संडास. दोन माणसांना दोन-तीन दिवस पुरतो, पेटी बॅगेसारखी ओढत नेऊन सेप्टिक टँकला जोडलेल्या कुठल्याही संडासात रिकामी करता येते. परवानगी विचारून, पैसे देऊन, आणि नंतर तो संडास आपल्या हाताने धुऊन. पेटीत फॉर्मॅलिनसारखं औषध टाकू नका, त्याने समोरच्याच्या सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात. दुसरा पर्याय म्हणजे कोरडा संडास: लघवी वेगळी, मैला वेगळा, त्यावर नारळाच्या काथ्याचा भुसा. वास येत नाही, पाणी लागत नाही, आणि भुसा कोकण-केरळात सहज मिळतो. आम्ही याच्यावर आहोत. मात्र 'पंधरा दिवसांत खत होतं' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जंतू मरायला महिने जातात. तोपर्यंत तो मैलाच आहे आणि त्याची जागा संडास किंवा रीतसर खतखड्डाच आहे.

ओढ्यात, रस्त्याकडेच्या चरात, जंगलात काहीही सोडायचं नाही. हे मी कळकळीने सांगते. त्या ओढ्यावर खाली कुणी तरी भांडी घासत असतं. आणि एका गाडीने घाण केली की त्या गावात पुढच्या दहा गाड्यांना थारा मिळत नाही.

शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. गाडीत पंचवीस-तीस लिटरमध्ये दोन्ही वेळच्या भांड्यांसह नीट भागतं: बादलीने आंघोळ, नळाला पायाचा पंप, आणि धुणं गावातल्या नळावर किंवा लाँड्रीत. म्हणजे ३०० लिटर दोघांना पाच दिवस. भांड्यांचं आणि आंघोळीचं पाणी वेगळ्या टाकीत घेऊन, साधा साबण वापरला असेल तर, मालकाला विचारून माडाच्या आळ्यात सोडता येतं. नाही कुणी म्हणत नाही. पाणी भरायला ३० मीटर नळी, गाळ अडवणारा फिल्टर आणि प्यायच्या पाण्याला यूव्ही. मराठवाड्यात एप्रिलमध्ये कुणाच्या हातपंपावर ३०० लिटर भरायला उभं राहू नका. टँकरवाल्याकडून विकत घ्या. गावाचं पाणी त्यांच्या गुरांनाच पुरत नसतं.

रात्रीच्या सुरक्षिततेचं उत्तर सोपं आहे: लपून राहू नका. लोकांना वाटतं एकांत म्हणजे सुरक्षित. आमचा अनुभव उलटा. उजेड असताना, चारच्या आत गावात पोचायचं. सरपंच किंवा पोलीस पाटील यांना भेटायचं, कोण आहोत, किती दिवस आहोत ते सांगायचं, आधार दाखवायचा, गाडी आतून बघू द्यायची. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला माहीत होतं, आणि मग तुमच्याकडे कुणी वाकड्या नजरेने बघत नाही. बायका आत येऊन ओटा बघतात, भाजी देतात, चहाला बोलावतात. त्याला वेळ द्यायची तयारी ठेवा. गाडी दाखवायचा कंटाळा येत असेल तर हे आयुष्य जड जाईल. शेगाव, गोंदवलेसारख्या मोठ्या देवस्थानांच्या आसपास बसगाड्या लावायची सोय असते, पण आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या वाटेवर जाऊ नका. त्या दिवसांत तिथली जागा वारकऱ्यांची. ट्रक थांबणारे मोठे पेट्रोल पंप एका रात्रीला चांगले. जंगलातून जाणारे काही रस्ते रात्री बंद होतात. बंदिपूरला २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद असते. समुद्राच्या वाळूवर गाडी कधीच उतरवू नका. जिथे लावाल तिथे तोंड रस्त्याकडे, आणि मधली वाट मोकळी, म्हणजे बाहेर न उतरता चालकाच्या आसनावर जाता येतं.

मला जास्त भीती चोराची नाही, आगीची वाटते. १ जुलै २०२३ ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ बस उलटली ती दाराच्या बाजूवर. दार खाली दबलं, गाडी पेटली आणि आतले २५ प्रवासी गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये जैसलमेरजवळ पेटलेल्या बसमध्ये तर एसी नव्यानेच बसवलेला होता. तिथे वीसहून अधिक माणसं गेली. तुमच्या गाडीत या दोन्ही बसपेक्षा जास्त तारा, जास्त लाकूड आणि गॅसही असणार. तेव्हा पलंगाजवळ दाराच्या विरुद्ध बाजूला पूर्ण उघडणारी खिडकी, तिच्यातून तुम्ही दोघं प्रत्यक्ष बाहेर पडून बघितलेलं असावं. छपरात माणूस जाईल एवढी झडप. बॅटरीच्या टोकापाशीच फ्यूज. तारा जाड, नळीतून नेलेल्या, पत्र्यातून जाताना रबरी कडं. बाहेरून वीज घ्याल तिथे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच), आणि जोडण्याआधी अर्थिंग तपासायचं. खेड्यात अर्थिंगची पिन बऱ्याचदा नावालाच असते, आणि पत्र्याच्या घराला शॉक लागला तर सगळं घरच शॉक देतं. धूर सांगणारा आणि गॅस सांगणारा असे दोन गजर. दोन अग्निशामक, एक दारापाशी, एक पलंगापाशी. वायरिंग घरच्या वायरमनकडून नको, बसची वायरिंग करणाऱ्याकडूनच घ्या.

बाकीचं भराभर सांगते. पुण्यातलं घर भाड्याने द्या, पण पत्ता तुमचाच ठेवा. बँक, विमा, मतदान, आरसी सगळं त्याच्यावर आहे, आणि पत्रं घ्यायला एक खात्रीचं माणूस. पेन्शन असेल तर नोव्हेंबरचं जीवन प्रमाण आता फोनवर चेहरा दाखवून होतं. जम्मू-काश्मीर आणि लडाखला जाणार असाल तर एक तरी सिम पोस्टपेड ठेवा. औषधं तीन महिन्यांची. दुसऱ्या राज्यात सलग बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते, म्हणून मधून महाराष्ट्रात या. डिझेलचा खर्च लोक घाबरतात तेवढा नसतो: महिन्याला हजार किलोमीटर धरले तर मिनीबसला सव्वाशे लिटरच्या आसपास लागतं. जे जोडपं पहिल्या महिन्यात चार हजार किलोमीटर मारतं ते तिसऱ्या महिन्यात दमून परत येतं.

आणि गाडी घेण्याआधी एक करा. कॅराव्हॅन भाड्याने मिळतात. थंडीत घेऊ नका, एप्रिलच्या शेवटी घ्या, दहा दिवसांसाठी. त्यातले सलग चार दिवस एकाच गावात उभे राहा, वीज न जोडता. दोघांनीही चालवा, दोघांनीही संडासाची पेटी रिकामी करा, आणि भांडण झालं की कोण बाहेर जाऊन बसतं ते बघा, कारण शंभर-सव्वाशे चौरस फुटांत दुसरी खोली नसते. परत आल्यावर तुमचा आराखडा पुन्हा काढा. तो पहिल्यापेक्षा बराच वेगळा असेल. तो नवा आराखडा, निवडलेल्या गाडीची आरसी आणि काट्याच्या तिन्ही पावत्यांचे आकडे मला पाठवा. टाकी कुठे आणि बॅटरी कुठे ते त्यावरून सांगता येईल.